एक झोपतो, एकाने जागं राहायचं

‘भूल देशात का?’

पोटाची दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) ठरली की खानदेशातला पेशंट अल्सर, गाठ, जंतू यांतलं काही विचारायच्या आधी हे विचारतो. विचारण्याच्या तऱ्हा दोन. एकाला भूल नकोच असते, कारण गावातल्या कुणाचं तरी ‘उठनाच नई’ त्याच्या कानावर आलेलं असतं. दुसऱ्याला ती हवीच असते, कारण शेजारच्या वहिनींचे नळी घालताना झालेले हाल त्याने ऐकलेले असतात. दोघांची भीती खरी आहे आणि दोघांनाही ती बोलून दाखवायला वेळ मिळायला हवा. पण दोघांच्याही मनात भूल ही एकच वस्तू असते, दिली किंवा नाही दिली. प्रत्यक्षात तिला पायऱ्या आहेत, आणि कुठल्या पायरीपर्यंत उतरायचं हे ठरवताना औषधाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी समोरचं माणूस, मग खोलीतलं सामान, मग खोलीतली माणसं. हा क्रम उलटा झाला की चांगल्यातलं चांगलं औषधही घात करतं.

मुळात पुष्कळांना गुंगीची गरजच नसते. अन्ननलिका आणि जठर बघायची नळी नऊ-दहा मिलिमीटर जाडीची, साधारण करंगळीएवढी. सरावलेल्या हाताला आत जाऊन सगळं नीट बघून बाहेर यायला पाच ते दहा मिनिटं लागतात. घसा बधिर केला, डाव्या कुशीवर वळवलं, ‘लाळ गिळू नका, गालातून वाहू द्या, नाकाने सावकाश श्वास घ्या’ एवढं आधी शांतपणे समजावलं आणि डोक्याशी एक सिस्टर खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, तर बरीच माणसं ही मिनिटं निभावून नेतात. म्हातारी माणसं तर तरुणांपेक्षा सोपी जातात, कारण वयाबरोबर घशाची संवेदना कमी होते.

घसा बधिर करायला १० टक्के लिग्नोकेनचा फवारा वापरतात. एका दाबाला १० मिलिग्रॅम औषध बाहेर पडतं. तीन ते पाच फवारे पुरतात. दाबणारा मोजत नसेल तर दहा-बारा सहज होतात आणि ४० किलोच्या म्हातारीला ते मर्यादेच्या जवळ नेतात. लिग्नोकेन अति झालं की ओठा-जिभेला मुंग्या येतात, कानात आवाज होतो, पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून फवारे मोठ्याने मोजून मारावेत आणि दोन-तीन मिनिटं थांबावं. घसा सुजल्यासारखा होईल, गिळता येत नाही असं वाटेल, पण श्वास चालूच राहील, हे आधी सांगायचं राहिलं तर धीट माणूसही घाबरून नळी ओढतो. तपासणीनंतर पाऊण ते एक तास तोंडात काही घालायचं नाही. बधिर घशातून चहा श्वासनलिकेत उतरू शकतो, आणि गरम असेल तर भाजल्याचंही कळत नाही. पहिला घोट साध्या पाण्याचा, बसून, थोडासा. ठसका लागला नाही तर मग चहा.

चोपड्याहून मोटारसायकलवर एकटा आलेला माणूस फवाऱ्यावर तपासणी झाली तर तासाभराने स्वतः गाडी चालवत घरी जातो, त्याची अर्धीच मजुरी बुडते. ही काही लहान गोष्ट नाही. मात्र ‘सहन करा हो, पाचच मिनिटं’ म्हणून कुणावर लादूही नये. सतत उमासे देणाऱ्या, हात मारणाऱ्या माणसाची तपासणी धड होत नाही. अन्ननलिकेतला सुरुवातीचा कॅन्सर नेमका अशा घाईत नजरेतून सुटतो, आणि तंबाखू-गुटख्याच्या आपल्या मुलखात ते परवडणारं नाही. मोठ्या आतड्याची तपासणी वीस-तीस मिनिटं चालते, आतडं ताणलं की कळ येते, तिथे गुंगी बहुधा लागतेच. पित्तनलिकेतले खडे काढायची ईआरसीपी गाढ गुंगीशिवाय करायच्या भानगडीत पडू नये. नाणं गिळलेलं लहान मूल तर भूलतज्ज्ञाच्याच हाती द्यावं.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली या पायऱ्या लिहून काढल्या. पहिल्या पायरीवर माणूस फक्त निवांत होतो. दुसरीवर पेंगतो, पण नाव घेतलं किंवा खांद्यावर थोपटलं की नीट प्रतिसाद देतो, श्वास त्याचा तो घेतो. तिसरीवर पुन्हा पुन्हा हलवलं किंवा चिमटा काढला तरच हलतो, आणि जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद होऊ शकते. चौथी म्हणजे पूर्ण भूल. कागदावर या चार ओळी वेगळ्या दिसतात, माणसात त्यांच्यामध्ये भिंत नसते. दुसऱ्या पायरीसाठी दिलेला डोस त्याच माणसाला तिसरीवर नेऊ शकतो, विशेषतः नळी बाहेर काढल्यावर, कारण तोवर त्या नळीच्या त्रासानेच तो अर्धवट जागा असतो. म्हणून जिथपर्यंत न्यायचं ठरलंय त्याच्या एक पायरी खालची तयारी खोलीत असलीच पाहिजे.

प्रतिसाद बघायचा तर हाक पेशंटच्या बोलीत मारावी. ‘आप्पा, डोया उघाडा, मोठा श्वास ल्या’ म्हटलं की शिरपूरकडचे आप्पा गुंगीतही ओळखीच्या बोलीला ओ देतात. छापील मराठीला नुसते हुंकारतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरी किंवा भिली बोलणारी माय मराठी हाकेला गप्प राहिली, तर तिला गुंगी जास्त चढली असा समज होतो. याहून वाईट म्हणजे ती खरोखरच खोल गेलेली असते आणि ‘हिला भाषा कळत नाही’ म्हणून कुणी लक्ष देत नाही. नाव काय, डोळे उघडा, श्वास घ्या, दुखतंय का, एवढं तरी सोबत आलेल्या माणसाकडून तपासणीआधी शिकून घ्यावं. त्याला खर्च काही येत नाही.

आता औषधं. सगळ्यात जास्त चालतं ते मिडाझोलम. ते भीती घालवतं, पेंग आणतं आणि पुढच्या काही वेळाच्या आठवणीच धरू देत नाही. पूर्वी या कामाला डायझेपाम वापरायचे. त्याने शीर जळजळायची, सुजायची, आणि अंगातून उतरायला दिवस लागायचे. मिडाझोलम निम्मं व्हायला दोन-तीन तास पुरतात. पण हे औषध बाजारात दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, आणि एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. ‘एक एमएल दे’ एवढंच कुणी म्हटलं आणि हाताशी दुसरी कुपी असली, तर पाचपट औषध शिरेत गेलं. ब्रिटनमध्ये याच गोंधळापायी २००८ साली रुग्णसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला सगळ्या हॉस्पिटलांना इशारा द्यावा लागला होता. तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक मिलिलिटरची कुपी हाती आली, तर ५ मिलिलिटरच्या सिरींजमध्ये ती अख्खी ओढून वर ४ मिलिलिटर सलाईन घ्यावं. आता एका मिलिलिटरला बरोबर एक मिलिग्रॅम झालं. सिरींज खाली ठेवायच्या आत तिच्यावर पट्टी चिकटवावी: औषधाचं नाव, ताकद, वेळ. पट्टी नसलेली भरलेली सिरींज कुणी का भरलेली असेना, फेकून द्यावी. आणि तोंडी सूचना नेहमी मिलिग्रॅममध्ये द्यावी, ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी.

धडधाकट प्रौढाला सुरुवातीला १ ते २ मिलिग्रॅम, तेही दोन मिनिटं घेऊन, सावकाश. साठीच्या पुढे अर्धा ते एक. आणि मग थांबायचं. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हातारपणी रक्ताची चाल मंदावलेली असते, तिथे आणखी थोडी जास्त. गडबड होते ती या थांबण्यात. दोन मिनिटांत पेंग आली नाही म्हणून आणखी थोडं, तरी नाही म्हणून आणखी थोडं, आणि मग मागचे सगळे डोस एकदम चढतात, तेही बहुतेक वेळा नळी बाहेर आल्यावर, सगळ्यांचं लक्ष पुढच्या पेशंटकडे वळल्यावर. बाहेर बाकावर रांग लागलेली असताना पाच मिनिटं हात बांधून उभं राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, असं मला मनापासून वाटतं. एकूण डोस सहसा ५ मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये, वृद्धांत साडेतीनच्या. क्वचित कुणी उलटं वागतो, बडबडतो, हातपाय झाडतो. तो घाबरलाय असं समजून आणखी मिडाझोलम देणं ही चूक. हात आखडता घ्यावा.

मिडाझोलमचा उतारा आहे, फ्लुमाझेनिल. ०.२ मिलिग्रॅम शिरेतून, मिनिटभर वाट बघून पुन्हा थोडं, सगळं मिळून १ मिलिग्रॅमपर्यंत. पेशंट खडबडून जागा होतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण उताऱ्याचा जोर तासाभरात ओसरतो, मिडाझोलम तोवर रक्तात शिल्लक असतं, आणि वॉर्डात एकटा ठेवलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. उतारा दिलेल्या पेशंटला निदान दोन तास नजरेसमोर ठेवावं. रोज झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला मात्र या उताऱ्याने झटके येऊ शकतात, त्यामुळे ‘रात्री कुठली गोळी घेता?’ हे आधीच विचारलेलं बरं.

आठवण न राहण्याचा एक व्यवहारी परिणाम लक्षात घेतला जात नाही. तपासणीनंतर पेशंट डोळे उघडून बसलेला असतो, डॉक्टर निदान सांगतात, तो मान डोलावतो, दोन बरे प्रश्नही विचारतो, आणि संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. गोळ्या कशा घ्यायच्या, तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट कधी न्यायला यायचं, हे सगळं सोबतच्या माणसाला सांगावं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावं.

दुखू नये म्हणून जोडीला फेन्टानिल देतात. दोन मिलिलिटरच्या कुपीत १०० मायक्रोग्रॅम. प्रौढाला ५० ने सुरुवात, वृद्धाला २५ ने. ही दोन औषधं एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका दोघांच्या बेरजेहून मोठा होतो. क्रम असा ठेवावा: फेन्टानिल आधी, मग दोन-तीन मिनिटं थांबून मिडाझोलम, आणि ते नेहमीपेक्षा कमी. याचा उतारा नॅलोक्सोन. ०.४ मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटर सलाईनमध्ये पातळ करून एकेक मिलिलिटर द्यावी, श्वास सुधारला की थांबावं. अख्खी कुपी एकदम दिली तर पेशंट वेदनेने किंचाळत उठतो आणि ब्लडप्रेशर उसळतं.

फेन्टानिल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्याचं रजिस्टर, कुलूप, हिशोब सांभाळावा लागतो. लहान दवाखान्यांना हे झेपत नाही, म्हणून फोर्टविन (वेदनेवरचं पेन्टाझोसिन) आणि फेनरगन (पेंग आणणारं प्रोमेथाझिन) ही जुनी जोडी अजून चालते. एवढ्याशा तपासणीसाठी मी ती निवडणार नाही. फोर्टविनने नाडी आणि ब्लडप्रेशर वाढतं, काहींना भास होतात, आणि फेनरगनची पेंग अर्धा दिवस उतरत नाही. फेनरगन शिरेबाहेर किंवा चुकून धमनीत गेलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची गुंगी हा सौदाच चुकीचा आहे.

प्रोपोफोल दुधासारखं पांढरं दिसतं, कारण औषध पाण्यात विरघळत नाही आणि ते सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळवलेलं असतं. मिनिटाच्या आत झोप लागते, पाच-आठ मिनिटांत उतरते, आणि जाग आली की डोकं स्वच्छ असतं, मळमळ कमी असते. एक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. सुरुवातीला २० ते ४० मिलिग्रॅम, मग दहा-वीसच्या हप्त्यांनी. गर्दीच्या एंडोस्कोपी विभागांना ते आवडतं यात नवल नाही. पण त्याला उतारा नाही. दुसऱ्या आणि चौथ्या पायरीतलं अंतर त्याच्या बाबतीत दोन-तीन मिलिलिटरचं असतं. श्वास थांबतो, ब्लडप्रेशर पडतं. मायकेल जॅक्सनचा २००९ साली मृत्यू झाला तो याच औषधाने. घरच्या बिछान्यावर, झोप यावी म्हणून, नीट देखरेखीची सोय नसताना ते दिलं गेलं होतं. तेच औषध रोज असंख्य लोकांना सुखरूप झोपवतं आणि उठवतं. फरक पडतो तो उशाशी बसलेल्या माणसाने. आपल्याकडे प्रोपोफोल भूलतज्ज्ञाच्या हातूनच द्यावं, आणि दुर्बीण धरणाऱ्याने दुसऱ्या हाताने गुंगीकडे बघावं असं कधीच असू नये. ज्याची नजर पडद्यावरच्या पॉलिपवर, म्हणजे आतल्या छोट्या गाठीवर, आहे, त्याला श्वास थांबल्याचं कळायला उशीर होणारच.

तेलकट असल्यामुळे प्रोपोफोलमध्ये जंतू फार लवकर वाढतात. फोडलेली कुपी एकाच पेशंटची. उरलेलं औषध सहा तासांत, खरं तर ती तपासणी संपल्यावरच, फेकायचं. महागाच्या कुपीतलं अर्धं औषध ओतून देताना जीव तुटतो हे समजू शकतं. पण अमेरिकेत लास वेगासच्या एका एंडोस्कोपी सेंटरमध्ये वापरलेली सिरींज परत कुपीत घालून तीच कुपी पुढच्या पेशंटला वापरली गेली, हेपॅटायटिस सी पसरला, आणि २००८ साली चाळीस हजारांवर लोकांना रक्त तपासून घ्या असं कळवावं लागलं. शिवाय ही कुपी २५ अंशांच्या आत ठेवायची असते. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये ठेवलेल्या खोक्याची अवस्था काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. तेल वेगळं झालेलं दिसलं, दुधात थेंब तरंगले, की ती कुपी वापरायची नाही.

केटामाइन श्वास सांभाळतं पण लाळ वाढवतं आणि कधी कंठ आवळतो; डेक्समेडेटोमिडीन दहा मिनिटं घेऊन द्यावं लागतं आणि नाडी मंदावते. ही दोन्ही भूलतज्ज्ञाच्या पेटीतली, आणि विशिष्ट पेशंटसाठी.

कुपी फोडायच्या आधी पोट रिकामं आहे का हे बघावं लागतं. इथे खानदेशातल्या जेवणाचा विचार करावाच लागेल. आदल्या रात्री तुपात भिजलेली वरण-बट्टी झाली असेल, भरिताचा बेत झाला असेल, तर असं जड, तेल-तुपाचं जेवण जठरातून सरकायला वेळ घेतं. त्याला आठ तास द्यावेत. हलक्या खाण्याला सहा. साधं पाणी, साखर घातलेला कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, आणि उन्हाळ्यात तो द्यावाही, म्हणजे माणूस कोरडा पडत नाही. दुधाचा चहा मात्र खाण्यात धरायचा, सहा तास. ‘काही खाल्लं का?’ या प्रश्नाला पेशंट अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण चहाला आपल्याकडे कुणी खाणं समजत नाही. ‘चहा कितीला घेतला?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. जुना मधुमेह असेल तर जठर मंद असतं, वजन कमी करायची आठवड्याची सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपेटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर ते आणखी मंद होतं. अशांना नेमाने उपाशी ठेवूनही आत कालचं अन्न सापडतं. गुंगीत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली, तर पुढचे दिवस आयसीयूत जातात. गालात दाबलेली तंबाखूची गोळी आणि कवळी, दोन्ही बाहेर काढल्याची खात्री बोट फिरवून करावी, नुसतं विचारून नाही.

मग तोंड. पेशंटला त्याचीच तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये घालायला सांगावं. गुटखा खाणाऱ्यांत सुपारीमुळे गालाची आतली कातडी पांढरी, ताठ, दोरीसारखी होते आणि जेमतेम दीड बोट आत जातं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तोंडं मात्र अजून बंदच होत चालली आहेत, आणि त्यांत पंचविशीतली पोरं दिसतात. अशा तोंडात दुर्बिणीचा माउथपीस कसाबसा बसतो, पण खरी अडचण पुढची. श्वास थांबला तर घशात नळी घालायला लागणारं लॅरिंगोस्कोप हे अवजार आत जाणार नाही. या माणसाला गाढ गुंगी म्हणजे परतीची वाट बंद करून पुढे जाणं. फवारा, किंवा अगदी हलकी गुंगी, नाहीतर तयारीनिशी आलेला भूलतज्ज्ञ. जीभ बाहेर काढून पडजीभ दिसते का हे बघण्याची जी साधी पद्धत आहे, ती मूळचे आंध्रातले आणि बोस्टनमध्ये काम केलेले भूलतज्ज्ञ मल्लमपट्टी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९८५ मध्ये मांडली. अर्धा मिनिटही लागत नाही. जाड मान, घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं बायकोने सांगणं, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

सातपुड्यातून आलेल्या भिल्ल, पावरा पेशंटला सिकलसेलचं विचारल्याशिवाय गुंगी देऊ नये. या आजारात ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, अंग गारठलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरा तुंबवतात आणि असह्य कळा सुरू होतात. आपण काय करतो? रात्रभर उपाशी ठेवतो, एसीच्या खोलीत पातळ चादरीवर झोपवतो आणि श्वास मंदावणारं औषध देतो. तिन्ही गोष्टी एकाच सकाळी. उपाय साधे आहेत: यादीत त्याचा नंबर पहिला, उपाशीपणाच्या वेळात सलाईन, अंगावर घोंगडी, आणि पहिल्या मिनिटापासून ऑक्सिजन. वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही, पण वाहक आहे की आजारी, हे त्याच्या कार्डावरून किंवा रक्ताच्या रिपोर्टवरून पक्कं करावं.

दारूने लिव्हर गेलेल्यांचा प्रश्न वेगळा. लिव्हर सुकलेलं असेल तर मिडाझोलम उतरत नाही, माणूस दोन दिवस भ्रमात राहू शकतो. तिथे जाणत्या हातातलं थोडं प्रोपोफोल जास्त बरं. आणि रक्ताच्या उलट्या करत आलेल्या माणसाला ‘शांत व्हावा म्हणून’ काहीही टोचू नये. त्याचं जठर रक्ताने भरलेलं असतं. तो बेशुद्धीकडे झुकत असेल किंवा उलट्या थांबत नसतील तर आधी श्वासनलिकेत नळी, मग दुर्बीण.

आतड्याच्या तपासणीआधी दोन ते चार लिटर पोट साफ करायचं औषध प्यायलेला माणूस उन्हाळ्यात एसटीने आला, तर तो टेबलावर चढतानाच कोरडा असतो. वर सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतलेली. प्रोपोफोल लागताच त्याचं ब्लडप्रेशर खाली येणार हे आधीच समजून सलाईन सुरू करावं.

आता देखरेखीकडे. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दिसलं, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. ऑक्सिमीटर मागून बोलतो. श्वास थांबल्यावर त्याचा आकडा पडायला वेळ लागतो, आणि नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी वेळ लागतो, कारण फुप्फुसात साठा असतो. ऑक्सिजन द्यावाच, मिनिटाला दोन ते चार लिटर. पण त्यामुळे श्वास मंदावल्याची बातमी उशिरा येते हे विसरू नये. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ ही बातमी लगेच देतो. तो नसेल तर छातीवर हात ठेवून श्वास मोजावा, आणि मोजणारा माणूस फक्त तेवढंच काम करणारा असावा. पडदा नीट दिसावा म्हणून खोलीतले दिवे मालवलेले असतात, पेशंट भिंतीकडे तोंड करून कुशीवर. ओठ निळे झाले तरी दिसत नाहीत. डोक्याशी एक लहान दिवा कायम चालू ठेवावा. लग्नसराईत काळी मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर आकडा भरवशाचा नसतो, चिमटा कानाच्या पाळीला लावावा. घोरण्याचा आवाज आला तर ‘चांगली झोप लागली’ असं म्हणू नये. वाट अर्धी बंद झाल्याची ती खूण आहे. आणि घोरणं अचानक थांबलं, छाती हलतेय पण आवाज नाही, तर वाट पूर्ण बंद.

त्या क्षणी काय करायचं हे हातात मुरलेलं हवं. औषध थांबवा. हाक मारा, हलवा. जबड्याचे दोन्ही कोन मागून पुढे उचला. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच श्वास सुरू होतो. लाळ-उलटी ओढून घ्या. आकडा ९० च्या खाली सरकतोय तर दुर्बीण बाहेर, तपासणी अर्धवट राहिली तरी. ऑक्सिजन वाढवा, पाठीवर वळवा, मास्क घट्ट बसवून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्या. उतारा त्यानंतर. कुपी शोधायला दोन जण पळाले आणि जबडा कुणीच धरला नाही, असं होऊ देऊ नये.

हे सामान रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, हाताने चालवून बघावं. सक्शनची नळी तळहाताला लावून ओढ येते का. अंबू बॅगचा मास्क मोठा आणि लहान दोन्ही आहेत का. सिलिंडरच्या काट्यात किती उरलंय. लहान बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात सुमारे दीड हजार लिटर असतात, मिनिटाला दहा लिटरने अडीच तास. तालुक्याच्या गावी वीज गेली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि विजेवरचं सक्शन एकदमच बंद पडतात, म्हणून भरलेला सिलिंडर आणि पायाने चालणारं सक्शन खोलीतच हवं, पॅसेजच्या टोकाला नको.

तपासणी संपली की पेशंटला पॅसेजमधल्या बाकावर बसवून देतात, हे थांबायला हवं. कुशीवर, कठडा लावलेल्या खाटेवर, ऑक्सिमीटर बोटालाच ठेवून, कुणाच्या तरी नजरेसमोर. हातपाय हलवणं, श्वास, ब्लडप्रेशर, शुद्ध, ऑक्सिजन, या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण देणारी आल्ड्रेटची जुनी पद्धत आहे. दहापैकी नऊ झाल्याशिवाय सोडू नये. घरी निघण्याआधी आधाराशिवाय चालून दाखवावं आणि घोटभर पाणी ठसका न लागता जावं.

सोबत माणूस नसेल तर गुंगी देऊ नये, किंवा तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवावी, हे तारीख देतानाच सांगावं. टेबलापाशी सांगितलं तर बाहेरचा कुणी रिक्षावाला ‘माझा भाऊ’ म्हणून उभा केला जातो. पुढचे २४ तास गाडी, ट्रॅक्टर, विहिरीची मोटर, कापणीचं यंत्र, उकळत्या तेलाची कढई यांपासून लांब. खरेदीखत, सोसायटीचं कर्ज, कापसाचा सौदा, कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा नको. दारू नको, झोपेची गोळी नको. मोटारसायकलवर मागे बसवून नेणंही नको, कारण पेंगणारा माणूस चांदसैलीच्या घाटात एका वळणावर निसटू शकतो. रिक्षा किंवा जीप करावी, आणि एसटीने जायचं तर खिडकीकडची जागा पेशंटला, दांडीकडची सोबतच्याला. रात्री छातीत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, मानेला सूज, ताप, काळी शी, रक्ताची उलटी, किंवा हाक मारूनही नीट जागं न होणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता परत यायचं. ज्या नंबरवर रात्री फोन उचलला जाईल तोच नंबर कागदावर लिहावा, आणि सोबतच्या माणसाला तो तिथेच मोबाईलमध्ये साठवायला लावावा.